प्रोकॉन्सलची रेझिन कवटी: डोकं पाठवलं, पुरावा कंबरेत राहिला

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. दात पाचपैकी पाच, कवटी साडेतीन, आणि सोबत आलेला माहितीचा कागद आणि स्टँडवरची पितळी पट्टी शून्य, खरं तर मायनसमध्ये द्यायची सोय असती तर तीही वापरली असती. बाहेरच्या एका ऑनलाइन दुकानातून मागवलेली ही प्रोकॉन्सलच्या कवटीची कॉपी आहे, दुकानाचं नाव लिहीत नाही कारण माल वाईट नाहीये आणि कागदावरची चूक फक्त त्यांचीच आहे असंही नाही, असलं बरंच काही बाजारात फिरतंय. ज्युनिअर कॉलेजला बायो शिकवतो, प्रॅक्टिकल रूममध्ये चिंपांझीची एक जुनी प्लास्टर कवटी आणि माणसाची एक आहे, त्या दोघांच्या मागे कोण होतं ते दाखवायला काहीतरी हातात द्यायचं होतं म्हणून हा खटाटोप. कस्टम धरून साडेनऊ हजार पडले, प्राचार्यांनी बिल बघून फक्त "हं" म्हटलं.

ज्यांना प्रोकॉन्सल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आफ्रिकेतला, आज कुठेही नसलेला एप, साधारण दोन कोटी ते पावणेदोन कोटी वर्षांपूर्वी केनिया-युगांडाच्या बाजूला जंगलात राहणारा. एप म्हणजे बिनशेपटीवाले, गिबन, ओरँगउटान, गोरिला, चिंपांझी आणि आपण. आपल्याकडे गावात-देवळात दिसतात ते वानर आणि लाल तोंडाची माकडं यात येत नाहीत, ती शेपटीवाल्या फांदीवरची. त्या दोन फांद्या एकमेकींपासून अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या आणि त्यानंतर एपच्या बाजूला सुरुवातीला काय काय होतं हे ज्या हाडांवरून सगळ्यात जास्त कळलं ती ही हाडं. म्हणून एवढा भाव.

पॅकिंग चांगलं होतं, दोन खोके एकात एक, मध्ये फोम, जबडा वेगळ्या पिशवीत. कुरिअरवाल्याने मात्र आधी फोन केला, "सर पार्सलवर स्कल लिहिलंय, कसली आहे?" म्हटलं एपची आहे, प्लास्टिकची आहे, दोन कोटी वर्षं जुन्या प्राण्याची आहे, तर तो म्हणाला एवढं जुनं असेल तर अँटिकमध्ये येईल ना, आणि मग कागदपत्रांचा एक वेगळाच फेरा झाला. मागवणार असाल तर विक्रेत्याला डिक्लेरेशनमध्ये "शैक्षणिक मॉडेल, रेझिन" असं लिहायला सांगा, बराच मनस्ताप वाचेल.

आता वस्तू. पहिली गोष्ट म्हणजे ती लहान आहे. फोटोत काळा पडदा मागे लावून काढलंय त्यामुळे गोरिलासारखं काहीतरी येणार असं वाटतं, प्रत्यक्षात ओंजळीत मावते. हे बरोबरच आहे, कारण ज्या कवटीवरून कॉपी काढलीय ती जात साधारण दहा किलोच्या आसपासची, म्हणजे आपल्या वानराएवढीच. मेंदूची जागा सुमारे १६७ घनसेंटीमीटर, आपली तेराशे-चौदाशे. भुवयांच्या वर चिंपांझीला हाडाचा जो जाड कठडा असतो तो इथे नाहीच, कपाळ डोळ्यांपासून सरळ मागे जातं. तोंड थोडं पुढे आलंय पण फार नाही. सुळे आहेत पण छोटे, त्यावरून ही मादी असावी असं धरतात. खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला, हनुवटीच्या मागे, आजच्या मोठ्या एपना हाडाची एक आडवी फळी असते, बोट फिरवलं की लागते, ती इथे नाही. ही हाडं शोधणाऱ्या लुई आणि मेरी लिकी दांपत्याच्या काळात या फळी नसण्यावर आणि कपाळावर बरीच चर्चा झाली होती कारण या दोन्ही गोष्टी माणसाकडे जाणाऱ्या वाटल्या होत्या.

वर्गात पहिल्यांदा फिरवली तेव्हा शेवटच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "सर, हे तर माकडच आहे ना?" आणि तिचं चुकलं असं मी म्हणू शकलो नाही. नुसती ही कवटी दुरून बघितली तर कुणालाही माकडच वाटेल. माझा सगळा रिव्ह्यू खरं म्हणजे या एका प्रश्नावर आहे. हा प्राणी एप आहे हे सिद्ध करणारा माल या खोक्यात अर्धाच आहे.

जो अर्धा आहे तो दातांचा. आणि इथे कारागिराला सलाम, साचा मूळ नमुन्यावरून किंवा पहिल्या दर्जाच्या कॉपीवरून घेतलेला दिसतोय कारण दाढांवरच्या खाचा नखाने चाचपता येतात. टॉर्च तिरका धरून खालची दाढ बघा. वर पाच उंचवटे आहेत आणि त्यांच्या मधल्या खाचा इंग्रजी वाय अक्षरासारख्या पसरतात. वानराची किंवा लाल माकडाची दाढ बघितलीत तर तिथे चार उंचवटे दोन जोड्यांत, आणि प्रत्येक जोडी आडव्या धारेने जोडलेली, पानं कातरायला ते बरं पडतं. म्हणजे दाढ उलटी करून दाखवली की माकड की एप हा प्रश्न तिथल्या तिथे मिटतो. मी मुलांना आरसा आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन स्वतःची खालची पहिली दाढ बघायला लावलं, ज्यांची दाढ भरलेली नव्हती त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना तो वाय सापडला, आणि मग वर्गात जो गोंधळ झाला त्यावरून शेजारच्या वर्गातल्या मॅडम येऊन बघून गेल्या. दातांचा हिशोबही आपलाच, प्रत्येक बाजूला वर-खाली दोन पटाशीचे, एक सुळा, दोन उपदाढा, तीन दाढा, एकूण बत्तीस. (हा हिशोब आफ्रिका-आशियातल्या माकडांचाही तोच आहे, त्यामुळे बत्तीस मोजून एप सिद्ध होत नाही, कागदावर मात्र तसं छापलंय.)

दातांचे पैसे वसूल. आता तक्रारी.

पट्टीवर कोरलंय: प्रोकॉन्सल आफ्रिकानस, अडीच कोटी वर्षं, चिंपांझी आणि गोरिला यांचा पूर्वज, मिसिंग लिंक. चार गोष्टी लिहिल्या आणि चारही जुन्या झाल्यात. मुलांना वस्तूपेक्षा पट्टी लवकर पाठ होते, त्यामुळे मी पहिल्याच दिवशी त्यावर कागद चिकटवला.

नावाची भानगड अशी. पश्चिम केनियातल्या कोरू इथे १९२०च्या दशकात एच. एल. गॉर्डन नावाच्या तिथे स्थायिक झालेल्या गोऱ्या माणसाला चुनखडीत काही जीवाश्म सापडले, ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला गेले, तिथल्या आर्थर टिंडेल हॉपवूड यांनी बघितलं की यात एपचा जबडा आहे, मग ते स्वतः तिकडे जाऊन आणखी हाडं घेऊन आले आणि १९३३ साली प्रोकॉन्सल आफ्रिकानस हे नाव दिलं. कॉन्सल हे त्या काळात इंग्लंड-युरोपात खेळात, झूमध्ये सूट घालून सायकल चालवणाऱ्या, पाइप ओढणाऱ्या चिंपांझींचं ठरलेलं नाव, तर हा कॉन्सलच्या आधीचा. म्हणजे चिंपांझीचा पूर्वज हा अंदाज पहिल्या दिवसापासून नावातच बसलाय. पण या दुकानाने पाठवलेली कवटी कोरूची नाहीच. ती रुसिंगा बेटावरची आहे, व्हिक्टोरिया सरोवरातलं बेट, आणि ती मेरी लिकी यांना ऑक्टोबर १९४८ मध्ये सापडली. उतारावर उघडे पडलेले तुकडे, मग खणून-चाळून जमवलेले आणखी तुकडे, आणि ते सगळं जोडत बसणं, हे काम त्यांचं. नंतर त्या स्वतः ती कवटी घेऊन विमानाने इंग्लंडला गेल्या, ऑक्सफर्डच्या विल्फ्रिड ल ग्रो क्लार्क यांना दाखवायला, पत्रकार जमले होते म्हणतात. तोपर्यंत जगात कुणाकडेही मायोसीन काळातल्या (सुमारे दोन कोटी तीस लाख ते त्रेपन्न लाख वर्षांपूर्वीच्या) एपचा इतका धड चेहरा नव्हता, दात आणि जबड्यांचे तुकडेच होते.

मग १९९३ साली जीवाश्मशास्त्रज्ञ ॲलन वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हटलं की रुसिंगाचा लहान एप हा कोरूच्या आफ्रिकानसहून वेगळी जात आहे, आणि तिला हेसेलोनी नाव दिलं, हेसेलोन मुकिरी यांच्यावरून. मुकिरी हे केनियाचेच, लिकींच्या सोबत वर्षानुवर्षं खणणारे, आणि अशा कामात बहुतेक वेळा ज्यांच्या नजरेला हाड पहिल्यांदा पडतं त्यांचं नाव कुठे येत नाही, इथे आलं, तर ते पट्टीवर लिहायला या दुकानाला काय झालं होतं? २०१५ साली आणखी पुढचं पाऊल, मॅकनल्टी वगैरे मंडळींनी दाखवलं की रुसिंगाच्या दोन्ही जाती, लहान हेसेलोनी आणि पस्तीस किलोच्या आसपासचा न्यान्झी, या कोरू आणि जवळच्या सोंघोरच्या खऱ्या प्रोकॉन्सलपासून इतक्या वेगळ्या आहेत की त्यांना वेगळं घराणंच (जीनस, म्हणजे शास्त्रीय नावातला पहिला शब्द) द्यायला हवं, ते एकेम्बो, रुसिंगावरच्या सुबा भाषेतलं नाव. म्हणजे आज बरोबर पट्टी "एकेम्बो हेसेलोनी, रुसिंगा, सुमारे एक कोटी ऐंशी लाख वर्षं" अशी हवी. मी सवयीने प्रोकॉन्सलच म्हणतो, शीर्षकातही तेच टाकलंय कारण लोक तेच शोधतात, पण पैसे घेऊन पट्टी कोरणाऱ्याने तरी बघायला हवं होतं. नमुन्याचा नंबर, केएनएम-आरयू ७२९०, तळाशी बारीक कोरलाय तो मात्र बरोबर आहे, म्हणजे साचा देणाऱ्याला सगळं माहीत होतं आणि पट्टी करणारा दुसराच कुणी होता.

हे केएनएम म्हणजे केनियाचं राष्ट्रीय संग्रहालय. आणि तो नंबर असाच लागलेला नाही. कवटी इंग्लंडला गेली ती अभ्यासासाठी, उसनी म्हणून, आणि मग बरीच वर्षं तिकडेच राहिली, परत मागितली तेव्हा आमचीच आहे असा सूर निघाला, शेवटी उसनी दिल्याची जुनी कागदपत्रं निघाली तेव्हा ती ऐंशीच्या दशकात नैरोबीला परत आली. ही गोष्ट कागदावर दोन ओळीत असती तर मी आणखी अर्धा स्टार दिला असता, वर्गात ही सांगितली की पोरं जीवाश्मापेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकतात.

दुसरी तक्रार गुळगुळीतपणाची. मूळ कवटी दबलेली आहे, जमिनीच्या वजनाने वाकडी झालेली, आणि डोक्याचा काही भाग नाहीच. या कॉपीत मात्र सगळीकडे एकच मधासारखा रंग फासलाय, खरं हाड कुठे संपतं आणि भरलेलं कुठे सुरू होतं हे कळत नाही. चांगल्या कॉपीत भरलेला भाग फिका ठेवतात किंवा एक बारीक रेघ देतात. इथे मला जुने फोटो आणि ही कवटी शेजारी ठेवून मागून पेन्सिलने रेघ मारावी लागली. आणि जबडा नीट बसत नाही, डावीकडे दात भिडतात, उजवीकडे फट राहते, पहिल्यांदा वाटलं साचा बिघडलाय, पण मूळच वाकडं आहे म्हटल्यावर हे प्रामाणिकपणाचंच लक्षण मानून मी ते तक्रारीतून काढून टाकलं. मुलांना जबडा दाबून बसवू देऊ नका, सुळ्याचं टोक उडेल.

मेंदूचा तो १६७चा आकडाही या मूळ जोडकामातून आलेला नाही. ॲलन वॉकर आणि मार्टिन पिकफर्ड हे १९८०च्या सुमारास नैरोबीच्या संग्रहालयात जुने ड्रॉवर उघडून बसले आणि डुकरं, कासवं, काय काय म्हणून ठेवून दिलेल्या हाडांच्या ढिगातून त्यांना या एपचे राहिलेले भाग सापडत गेले. कवटीचे तुकडे मिळाले, त्यावरून नवी जुळणी झाली आणि १९८३ साली हा आकडा छापून आला. शिवाय १९५१ साली रुसिंगावर एका खड्ड्यातून निघालेल्या सांगाड्याचे हात-पाय असेच ड्रॉवरमधून पुरे झाले. तो खड्डा म्हणजे पाण्याने कोरलेला रांजणखळगा असं आधी धरलं होतं, नंतर लक्षात आलं की ती राखेत गाडल्या गेलेल्या एका मोठ्या झाडाच्या पोकळ खोडाची जागा आहे. एवढं सगळं शेल्फवरच पडून होतं! आमच्या प्रॅक्टिकल रूमचं कपाट मी त्यानंतर एकदा भीतभीत आवरलं, सापडलं ते फक्त फॉर्मॅलिनमधलं बेडूक.

आता मुख्य दुखणं, कंबर.

कागदावर एक चित्र आहे, त्यात हा प्राणी गिबनसारखा एका हाताने फांदीला लोंबकळतोय. सपशेल चूक. कवटी विकणाऱ्याला कवटीखालचं काही विकायचं नव्हतं हे समजू शकतो, पण मग चित्र तरी काढू नये. रुसिंगाची ही जनावरं एवढी मोलाची ठरली ती डोक्यामुळे कमी आणि अंगामुळे जास्त. १९८४ साली वॉकर, रिचर्ड लिकी आणि त्यांच्या टीमला रुसिंगावर कास्वांगा नावाच्या जागी या लहान जातीच्या किमान नऊ जणांची हाडं मिळाली, त्यात हात-पाय, बोटं, मणके, लहान पिल्लं, मोठे. मायोसीनच्या एपमध्ये असा साठा फार कमी ठिकाणी आहे. आणि त्यातून जो प्राणी उभा राहतो तो ना माकड ना आजचा एप. हात आणि पाय जवळजवळ सारख्या लांबीचे, छाती अरुंद आणि खोल, कंबर लांब आणि लवचीक, म्हणजे फांदीवरून चार पायांवर तळवे टेकत, जरा सावकाश चालणारा. मनगटात कोपराकडून येणारं एक हाड थेट मनगटाच्या हाडांना भिडतं, जसं माकडात असतं, आजच्या एपमध्ये ते मागे सरकलंय म्हणून त्यांचा हात फिरतो आणि ते लोंबकळू शकतात. कोपर मात्र एपच्या दिशेने गेलेलं. अंगठा आणि पायाचा अंगठा घट्ट पकडीचे. बोटांच्या पेरांवर चालणं, गोरिला-चिंपांझी करतात तसं, ते इथे नाहीच.

आणि शेपूट नाही. हा एक मुद्दा बरीच वर्षं लोंबकळत होता कारण शेपटीचं हाड न सापडणं आणि शेपूट नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅरल वॉर्ड, वॉकर आणि मार्क टीफोर्ड यांनी १९९१ साली मांडलं की याला शेपूट नव्हतं, आणि २००४ साली मासातो नाकात्सुकासा आणि मंडळींनी लहान जातीच्या त्रिकास्थीच्या (कंबरेखालच्या जुळलेल्या मणक्यांच्या हाडाच्या) शेवटच्या मणक्यावरून ते आणखी पक्कं केलं. गंमत अशी की बघायचं ते न सापडलेल्या शेपटीत बघायचंच नाही, तिच्या आधीच्या मणक्यात बघायचं. शेपूटवाल्या माकडात त्रिकास्थीचा शेवटचा मणका मागेही रुंद असतो, पुढच्या मणक्याला बसायला जागा आणि शेपटीकडे जाणाऱ्या नसांना मोठं भोक. इथे तो मणका मागे चिंचोळा होत जातो, भोकही बारीक, म्हणजे पुढे फक्त आपल्यासारखं माकडहाड असणार. मी वर्गात फळ्यावर दोन मणके काढून विचारलं, कोणाला शेपूट होतं, सगळ्यांनी बरोबर सांगितलं. रबरी का होईना, तो एक मणका या खोक्यात असता तर त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मला दाढेच्या खाचांवर टॉर्च न मारता देता आलं असतं. २०२४ साली शेपूट जाण्यामागचा एक जनुकीय बदलही छापून आला, टीबीएक्सटी नावाच्या जनुकात एक छोटा तुकडा घुसलाय जो सगळ्या एपमध्ये आहे आणि माकडांमध्ये नाही, उंदरांवर तसा बदल करून बघितला तर काहींची शेपटी आखूड झाली, काहींना आलीच नाही. बारावीच्या मुलांना जेनेटिक्स आणि उत्क्रांती एकाच तासात जोडून दाखवायला याच्यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी मिळालेलं नाही.

आता "चिंपांझी आणि गोरिला यांचा पूर्वज" हे. साठच्या दशकात हे खरोखर मानायचे. एल्विन सायमन्स आणि डेव्हिड पिलबीम यांनी १९६५ मध्ये प्रोकॉन्सलला युरोपच्या ड्रायोपिथेकस या जुन्या एपच्या पोटात घातलं, आणि लहान आफ्रिकानस चिंपांझीकडे, प्रोकॉन्सलचीच मोठी जात मेजर गोरिलाकडे अशी सरळ वाटणी त्या काळात रूढ होती. आपल्या बारावीच्या एनसीइआरटीच्या पुस्तकात अजून जे ड्रायोपिथेकस एपसारखा आणि रामापिथेकस माणसासारखा असं वाक्य आहे ते त्याच घरातलं. शिवालिकच्या टेकड्यांतला रामापिथेकस तर पुढे शिवापिथेकस या एपमध्येच गेला, आणि १९८०च्या सुमारास पाकिस्तानातून निघालेला चेहरा बघून लक्षात आलं की हा ओरँगउटानच्या बाजूचा आहे. तिकडे रेणूंवरून (डीएनए-प्रथिनांमधल्या फरकांवरून) काढलेलं वय माणूस आणि चिंपांझी वेगळे व्हायला पन्नास लाख ते फार तर सत्तर-ऐंशी लाख वर्षं झाली असं सांगत होतं, मग पावणेदोन कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी फक्त चिंपांझीचा पूर्वज कसा असेल, त्या वेळी चिंपांझी आणि आपण वेगळे झालेलोच नव्हतो. आज बहुतेक अभ्यासक याला गिबनसुद्धा फुटून वेगळे व्हायच्या आधीच्या खोडाजवळ ठेवतात, म्हणजे गिबनपासून आपल्यापर्यंत सगळ्यांचा लांबचा भाऊबंद, थेट आजोबा कुणाचाच असेल याची खात्री नाही. एकट्यादुकट्याने त्याला त्याहूनही आधी, माकड आणि एप वेगळे व्हायच्या आसपास ठेवायचा प्रयत्न केला होता, पण दाढा, कोपर आणि नसलेलं शेपूट यांच्यापुढे तो फार टिकला नाही.

मिसिंग लिंक या शब्दांवर मी वेळ घालवणार नाही. फक्त एक सांगतो, युगांडात मोरोटो इथे मोरोटोपिथेकस नावाचा एप निघालाय, दोन कोटी दहा लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे रुसिंगाच्या आधीचा, आणि त्याची पाठ रुसिंगावाल्यापेक्षा जास्त आजच्या एपसारखी ताठ आहे. वयाने मोठा आणि पाठीने पुढे गेलेला. एका सरळ साखळीत कड्या अडकवत गेलं तर तो कुठे अडकवणार?

जंगलाचंही तेच. कागदाच्या मागच्या बाजूला पिवळं गवत आणि लांब दोन झाडं असं सवानाचं चित्र आहे. रुसिंगावर किसिंगिरी ज्वालामुखीची राख पडत होती, चुन्याच्या जातीची, आणि त्या राखेमुळेच आपल्याला हे सगळं मिळालंय, नाहीतर ओल्या जंगलाची आम्लधर्मी माती हाडं खाऊन टाकते. (चिंपांझीचे जीवाश्म इतके दुर्मिळ असण्याचं हे एक कारण सांगतात, पहिला छापून आला तो थेट २००५ साली, आणि तेही काही दात.) त्या राखेत पानं, फळं, बिया, किडे असं सगळं राहिलं, आणि २०१४ साली तर एका थरात एपच्या हाडांसोबत झाडांचे बुंधे आणि मुळं जागच्या जागी मिळाली, त्यावरून दाट, वर फांद्या एकमेकींना भिडलेलं जंगल होतं असं निघालं. मोरोटोच्या बाजूला मात्र २०२३ साली उलटं आलं, विरळ झाडी, मध्ये गवत, आणि एप पानं खाणारा. म्हणजे गवत होतं, पण या कवटीच्या मालकिणीच्या दारात नव्हतं.

दुकानाला मी हे सगळं लांबलचक मेल करून लिहिलं. उत्तर सभ्य आलं, पट्टी बदलून देतो म्हणाले, शुल्क माफ पण टपाल तुमचं. मणक्याची कॉपी आहे का विचारलं तर कॅटलॉगमध्ये नाही, कोपराचा एक तुकडा आहे, त्याची किंमत कवटीच्या निम्मी. नको म्हटलं, प्राचार्यांचं दुसरं "हं" ऐकायची तयारी नव्हती.

कुणी घ्यावी? शिकवणाऱ्यांनी घ्यावी, डोळे झाकून, फक्त चिंपांझी आणि माणूस शेजारी असतील तरच आणि जमलं तर एखाद्या माकडाच्या दाढेचा मोठा फोटो छापून सोबत लावावा, नाहीतर ती नुसतीच एक छोटी कवटी. शोकेसमध्ये ठेवायला घेणाऱ्यांनी घेऊ नये, यापेक्षा दिसायला भारी आणि स्वस्त कवट्या मिळतात. ज्यांना अचूक अभ्यास करायचाय त्यांना ही पुरणार नाही, भरलेला भाग वेगळा दाखवणारी कॉपी बघा, महाग पडेल पण पेन्सिल लागणार नाही.

काही किरकोळ: रेझिनला पहिले काही दिवस उग्र वास येतो, खिडकीत ठेवा पण उन्हात नको, माझ्या ओळखीच्या एका सरांची अशीच दुसरी कॉपी उन्हात गालाच्या हाडाशी वाकली. साच्याची जोडरेघ डोक्याच्या मधोमध राहिलीय, बारीक पॉलिश पेपरने जाते, दाढांच्या जवळ पेपर नेऊ नका. स्टँडचा स्क्रू ढिला आहे, वॉशर टाका. ब्रशने धूळ काढा, ओल्या फडक्याने रंग सुटतो. आणि पट्टी आधीच "एकेम्बो हेसेलोनी" अशी कोरून मागा, ऑर्डरच्या वेळी नोट टाकायचा कॉलम असतो, तिथे लिहिलं तर करून देतात.